समुद्रातले राक्षस आणि आपला काळा दगड



गेल्या महिन्यात सहावीतल्या एका मुलाने वर्गात एक दगड आणला. त्यांच्या शेतात विहिरीचे काम चालू आहे. सुरुंग उडवल्यावर निघालेल्या ढिगात त्याला तो सापडला. पांढराशुभ्र, बोटाएवढा, टोकाला अणकुचीदार. "गुरुजी, ह्यो मोठ्या माशाचा दात हाय. आपल्या रानात पयले समुद्र होता," असे तो म्हणाला. लगेच वर्गात दोन तट पडले. काहीजण त्याला हसले, काहींना ते एकदम पटले. हसणारे आणि पटलेले, दोघांनीही दगडाकडे धड पाहिले नव्हते.

हा दात आहे की नाही हे ठरवायचे कसे? त्यासाठी आधी समुद्रातले ते राक्षस कोण होते आणि त्यांची माहिती माणसाला कशी लागली, हे पाहू. मग दगडाकडे येऊ.

गुजरातेत कच्छ जिल्ह्यात भूजजवळ लोडाई नावाचे गाव आहे. तेथे २०१६ साली एका प्राण्याचा जवळजवळ सबंध सांगाडा खडकात सापडला. लांबी साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. डोक्याचा आणि शेपटीचा काही भाग तेवढा नव्हता. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक गुंटुपल्ली प्रसाद, कच्छ विद्यापीठाचे आणि जर्मनीचे शास्त्रज्ञ यांनी तो खडकातून मोकळा केला. सगळ्यांचे मिळून या कामाला सुमारे दीड हजार तास लागले. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याची माहिती छापून आली. हा प्राणी १५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा. त्याचे नाव इक्थिओसॉर, म्हणजे मासा-सरडा.

टीव्हीवर अशा प्राण्याला सरसकट डायनासोर म्हणून मोकळे होतात. पण डायनासोर वेगळे आणि हा वेगळा. याचे पूर्वज जमिनीवर चालणारे सरपटणारे प्राणी होते. ते पाण्यात गेले आणि हळूहळू त्यांच्या पायांची वल्ही झाली. अंग माशासारखे झाले, तोंड लांब चोचीसारखे झाले. पण श्वास मात्र हवेतच घ्यावा लागे. म्हणून म्हशीसारखे अधूनमधून नाक वर काढायचे.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, पंधरा कोटी वर्षांपूर्वी हे बघायला कोण गेले होते? प्रश्न रास्त आहे. कोणीही गेले नव्हते. हे सगळे हाडांनी सांगितले. कसे सांगितले, तीच तर यातली खरी गंमत आहे.

दातांपासून सुरू करू. बकरीचे तोंड उघडून पाहा आणि कुत्र्याचे पाहा (कुत्र्याचे लांबूनच पाहा). बकरीचे दात दळायचे, कुत्र्याचे फाडायचे. दात पाहून खाणे ओळखता येते. लोडाईच्या प्राण्याचे दात झिजलेले होते. म्हणजे त्याचे खाणे कठीण होते. कवचाचे प्राणी, टणक हाडांचे मासे असे काहीतरी तो फोडून खात असला पाहिजे.

मग डोळा. इक्थिओसॉरच्या डोळ्याभोवती हाडांच्या चकत्यांचे एक कडे असते. ते कडे मोजले की डोळा केवढा होता ते कळते. काही जातींमध्ये डोळा २० सेंटीमीटरहून मोठा होता, आपल्या जेवणाच्या ताटलीएवढा. एवढा डोळा कशाला लागतो? जिथे उजेड कमी तिथे. म्हणजे हा गडी खोल, अंधाऱ्या पाण्यात शिकार करीत होता.

पोटातले तर फारच बोलके. चीनमध्ये ग्वेझौ प्रांतात पाच मीटरचा एक इक्थिओसॉर सापडला. त्याच्या पोटात दुसऱ्या एका सरपटणाऱ्या प्राण्याचे धड होते. तो दुसरा प्राणी चार मीटरचा असावा! २०२० साली हे प्रसिद्ध झाले. पाच मीटरवाल्याने चार मीटरवाला गिळायला घेतला, त्याच्या जिवाला हे झेपले की नाही कोण जाणे. जर्मनीत होल्झमाडेन येथे तर पोटात पिल्ले असलेल्या माद्या सापडल्या आहेत. त्यावरून कळले की हे प्राणी कासवासारखे किनाऱ्यावर येऊन अंडी घालत नव्हते. पाण्यातच पिल्लांना जन्म देत होते.

शेपटीची गोष्ट मला सर्वांत आवडते. जो सांगाडा निघे त्याच्या शेपटीचे हाड एका ठिकाणी खाली वाकलेले असे. लोक म्हणत, मेल्यावर मोडले असेल. रिचर्ड ओवेन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली विचार केला, की एकाची मोडेल, दोघांची मोडेल, पण इतक्या जणांची नेमकी त्याच जागी कशी मोडेल? म्हणजे तिथे शेपटीला मोठे पर असले पाहिजे. पुढे १८९० च्या सुमारास होल्झमाडेनच्या खडकात कातडीची काळी छाप असलेले सांगाडे मिळाले. तिथे चंद्रकोरीसारखे पर स्पष्ट दिसले. हाड खालच्या पाकळीत गेलेले होते. मोडलेले नव्हतेच. ओवेन तेव्हा हयातही असावा, पण फार म्हातारा.

हे प्राणी दगडात टिकतात कसे, तेही सांगतो. प्राणी मेला की बहुधा काहीच उरत नाही. मासे, खेकडे, किडे सगळे फस्त करतात. पण तळाशी गाळ बारीक असला आणि पटकन वर पडला, तर हाडे झाकली जातात. माजलगावच्या धरणातला गाळ तुम्ही पाहिला आहे. उन्हाळ्यात ट्रॅक्टरने शेतात आणून टाकतात, तोच. असा गाळ थरावर थर साचत गेला की खालच्याचा दाबून दगड होतो. हाडातल्या बारीक छिद्रांत पाण्यातली खनिजे जाऊन बसतात. हाडाचा आकार राहतो, वजन दगडाचे होते. याला जीवाश्म म्हणतात. हजारात एखाद्याच्याच नशिबी हे येते, आणि त्यातलाही एखादाच माणसाच्या नजरेला पडतो.

नजरेवरून मेरी ॲनिंगची आठवण झाली. इंग्लंडमध्ये लाइम रेजिस नावाच्या समुद्रकाठच्या गावात १७९९ साली ती जन्मली. बाप सुतारकाम करी. तो १८१० साली वारला, मागे कर्ज राहिले. मेरी आणि तिचा भाऊ कड्याखाली शंख-शिंपल्यांचे दगड गोळा करून येणाऱ्या पाहुण्यांना विकत. १८११ मध्ये भावाला एक मोठी कवटी दिसली. पुढल्या वर्षी मेरीने बाकीचा सांगाडा शोधून काढला. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती, म्हणजे आपल्या सातवीतल्या मुलींएवढी. शास्त्रज्ञांचे लक्ष वेधून घेणारा तो पहिला इक्थिओसॉर. १८२३ साली तिने लांब मानेच्या प्लेसिओसॉरचा सबंध सांगाडा काढला. मोठमोठे विद्वान तिच्याकडे येत, तिच्याकडून शिकत, आणि पुस्तकात स्वतःचे नाव घालत. लंडनच्या भूशास्त्र मंडळात बायकांना तेव्हा प्रवेशच नव्हता. १८४७ साली ती वारली. सातवीच्या मुलींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

त्याच देशात अजून एक अशीच गोष्ट घडली. २०२० साली मे महिन्यात अकरा वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर सॉमरसेटच्या किनाऱ्यावर फिरत होती. तिला चिखलात हाडाचे तुकडे दिसले. ते तुकडे जुळवल्यावर दोन मीटरहून लांब जबड्याचे हाड झाले. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या प्राण्याचे इक्थिओटायटन असे नाव ठेवले. तो वीस कोटी वर्षांपूर्वीचा, आणि अंदाजे २५ मीटर लांब. आपले खो-खोचे मैदान २७ मीटरचे असते. त्यात तो जेमतेम मावला असता. आता हा अंदाज फक्त जबड्यावरून बांधलेला आहे, हे लक्षात असू द्या. सबंध सांगाडा अजून मिळालेला नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण टीव्हीवर मेगॅलोडॉन शार्कला दाखवतात तेव्हा जणू कोणी त्याचा फोटोच काढला होता. शार्कचा सांगाडा हाडाचा नसतो, कूर्चेचा असतो. आपला कान दाबून पाहा, ती कूर्चा. ती सहसा टिकत नाही. मेगॅलोडॉनचे उरले ते बहुतेक दातच, आणि थोडे मणके. दात मात्र तळहात झाकेल एवढे, काही तर १७ सेंटीमीटरचे. व्हेल माशांच्या जुन्या हाडांवर त्याच्या दातांचे ओरखडेही सापडतात. त्यावरून खाणे कळले. लांबी किती, यावर मात्र अजून वाद चालू आहे. कोणी १५ मीटर म्हणतो, तर २०२५ सालच्या एका अभ्यासात २४ मीटरपर्यंत म्हटले आहे. ३६ लाख वर्षांपूर्वी तो संपला. आता समुद्रात कुठेही नाही, सिनेमात काही दाखवोत.

व्हेलचे नाव निघाले म्हणून सांगतो. व्हेल मासा नव्हे, तो आपल्यासारखा सस्तन. त्याचे पूर्वज चार पायांचे होते, याचा पुरावा आपल्याच देशातून मिळाला. ए. रंगा राव नावाच्या भूशास्त्रज्ञांनी जम्मूकडे कालाकोट येथून पुष्कळ दगड गोळा केले होते. ते वारले. दगड तसेच घरी पडून राहिले. त्यांच्या पत्नीने ते दगड टाकून दिले नाहीत, सांभाळले, आणि पुढे हान्स थेविसन या शास्त्रज्ञाच्या स्वाधीन केले. प्रयोगशाळेत एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाचे हाड दिसले. ते हाड थेट व्हेलच्या कानासारखे! प्राणी मात्र लहानशा हरणासारखा, मांजरापेक्षा थोडा मोठा. त्याचे नाव इंडोहायस. ही बातमी २००७ साली जगभर गेली. कच्छमध्येही अशोक साहनी आणि सुनील बाजपेयी यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी पाय असलेल्या जुन्या व्हेलची हाडे शोधली आहेत.

आता घराकडे वळू. तुमच्यापैकी कितीजणांच्या देवघरात शाळिग्राम आहे? काळा, गोल, गुळगुळीत, आत चक्र असलेला. तो नेपाळातून, गंडकी नदीच्या पात्रातून येतो. ते चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाची वळणे. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता, त्याच्या तळाच्या गाळात हे शंख दबले. त्यातले पुष्कळ साधारण लोडाईच्या इक्थिओसॉरच्याच काळातले आहेत, आणि लोडाईच्या खडकातही त्या सांगाड्याबरोबर अमोनाइट मिळाले. म्हणजे तेलगावात बसून त्या समुद्राचा एक रहिवासी आपण रोज पाहतो. आजी त्याला गंध लावते, तुळस वाहते. तिला हे सांगा. ती रागावणार नाही, उलट म्हणेल, एवढा जुना देव आहे तर!

मग आपल्या जमिनीखाली असे काही का नाही? त्याला कारण आपला काळा दगड.

आपल्या बालाघाटच्या डोंगराकडे पाहा. पायऱ्या पायऱ्या दिसतात. एक एक पायरी म्हणजे लाव्हाच्या रसाचा एक एक थर. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास जमिनीला भेगा पडून तापलेला रस वर आला आणि पसरला, पुन्हा आला, पुन्हा पसरला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या खडकाखाली आहे. तापलेल्या रसात हाड कसे टिकेल? तव्यावर टाकलेल्या पानाची जी गत, तीच. म्हणून या खडकाच्या आत समुद्रातल्या राक्षसाचा दात सापडणे शक्य नाही.

कोणी हुशार म्हणेल, खडकात नसेल, पण खडकाखाली? त्याचेही उत्तर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तो तुमच्या आईवडिलांना आठवतो. त्यानंतर जमिनीखाली काय आहे ते पाहण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक पाडले. ३३८ मीटरपर्यंत नुसता काळा खडक लागला. मग जेमतेम आठ मीटर गाळाचा थर. त्याखाली एकदम ग्रॅनाइटसारखा जुनाट खडक, अडीचशे कोटी वर्षांच्याही आधीचा. तेव्हा पृथ्वीवर हाडे असलेला एकही प्राणी जन्मला नव्हता. आपल्या गावाखाली काळा खडक किल्लारीइतकाच जाड असेल असे नाही, पण प्रकार तोच. कच्छमध्ये समुद्राच्या गाळाचे थर शेकडो मीटर जाड आहेत. तसे आपल्याकडे नाही.

काळ्या खडकाखालून समुद्र डोकावतो तो नर्मदेच्या खोऱ्यात. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात बाघ गावाजवळच्या खडकात शिंपले, सागरी प्राण्यांची कवचे आणि शार्कचे दात मिळतात. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्र त्या खोऱ्यातून आत शिरला होता.

आता विहिरीतला दगड. खाली पडलेल्या रसात वायूचे बुडबुडे अडकतात. भाकरी फुगते तसे. रस थंड झाल्यावर त्या पोकळ्या राहतात. मग लाखो वर्षे पाणी झिरपते आणि त्यातून स्फटिक वाढतात. गारगोटी आणि तिची भावंडे. नाशिक, पुणे, जळगावकडचे असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. आपल्या मुलाचा दगड त्यातलाच. ओळखायचे कसे? त्याला सपाट बाजू आहेत, कडा सरळ आहेत, उन्हात धरला की चकाकतो. दाताला अशा सपाट बाजू नसतात. दाताला बाहेरून चकचकीत कवच आणि आत वेगळा भाग असतो, बुडाशी मूळ असते. तुटला तरी हे दोन थर दिसतात. भिंगातून हे आपण सर्वांनी वर्गात पाहिले. मुलगा थोडा हिरमुसला, मग म्हणाला, "मंग गुरुजी, ह्यो जन्मला कवा?" हा प्रश्न दातापेक्षा मोठा आहे. उत्तर: खडक थंड झाल्यानंतर कधीतरी, आणि तो खडक आला तेव्हाच समुद्रातले शेवटचे मोठे राक्षस, मोसासॉर, संपत होते. मोसासॉर म्हणजे आपल्या घोरपडीचा आणि सापाचा दूरचा नातलग, काही जाती १२ मीटरहून लांब. मेक्सिकोत मोठी उल्का पडली तीही त्याच सुमारास. कोणी उल्केला दोष देतो, कोणी आपल्या लाव्हालाही त्यात धरतो. बहुतेकांचा कौल उल्केकडे आहे. आपल्या मुलाच्या हातातला दगड ज्या खडकातून निघाला, तो खडक निदान त्या दिवसांचा एक साक्षीदार आहे.

पण आपल्या भागात जीवाश्म मुळीच नाहीत असे समजू नका. समुद्रातले नाहीत, एवढेच. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे डायनासोरची हाडे आणि त्यांची दगड झालेली लीद मिळते. हसू नका, त्या लिदीत गवताचे सूक्ष्म कण सापडले, आणि डायनासोरच्या काळी गवत होते हे २००५ साली जगाला त्यावरून कळले. गोदावरीकाठी नांदूर मध्यमेश्वरला मोठ्या हत्तीची हाडे मिळाली, त्यांची माहिती १९०५ मध्येच छापली गेली. आणि मांजरा, जी आपल्याच जिल्ह्यात उगम पावते, तिच्या काठच्या जुन्या वाळू-गोट्यांत लातूरकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना हत्ती, रानबैल आणि पाणघोड्याची हाडे मिळाली आहेत. पाणघोडा! आज तो रानात मोकळा पाहायला आफ्रिकेत जावे लागते.

ही हाडे नदीच्या जुन्या थरांत असतात, आणि वाळू उपसणारे यंत्र हाड आणि गोटा यांत फरक करीत नाही. एका दिवसात ट्रॅक्टर भरून जातो. लोडाईला दीड हजार तास लागले ते सावकाश काम केले म्हणून. तेव्हा नदीकाठी, ओढ्याच्या दरडीत दगडासारखे जड हाड दिसले तर ते उपटू नका. हाड उचलले की ते कोणत्या थरातले हे कळत नाही, आणि थर कळला नाही तर वय कळत नाही. जागा नीट ध्यानात ठेवा, शेजारी एक खूण करा आणि मला येऊन सांगा. ताजे हाड असेल तर आपण हसू आणि घरी जाऊ. जुने असेल तर डेक्कन कॉलेजला मी पत्र लिहीन. जीभ लावून पाहण्याची एक जुनी युक्ती आहे, जुने हाड जिभेला चिकटते म्हणतात, पण ती तुम्ही करू नये. पोटाला त्रास व्हायचा.

शनिवारी दप्तर नसते. त्या दिवशी व्हरांड्यात आपण काळाची रेघ आखणार आहोत. एक कोटी वर्षांना एक मीटर. म्हणजे कार्यालयाच्या दारापासून ६ मीटर ६० सेंटीमीटरवर आपला काळा खडक आणि मोसासॉरचा शेवट. १५ मीटर २० सेंटीमीटरवर लोडाईचा इक्थिओसॉर. २० मीटरच्या पुढे तो पंचवीस मीटरचा अजस्र, त्यासाठी बहुधा पायऱ्या उतरून अंगणात जावे लागेल. दाराकडे परत येताना ३६ सेंटीमीटरवर मेगॅलोडॉन. आणि आपण माणसे, तीन लाख वर्षांची, तीन सेंटीमीटरवर. उंबऱ्याच्या जवळच, खडूचा तुकडा आडवा ठेवला तर झाकून जाऊ.

खडू मी आणतो. मोजायची टेप ज्यांच्या घरी गवंडीकाम चालू आहे त्यांनी आणावी. घरी सांगून आणावी.